राखेखाली राखलेला विस्तव

गेलिक लोकांचे चार अग्न्युत्सव आणि त्यांच्या देवता

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागराच्या तोंडाशी, हेब्रिडीज नावाची बेटांची एक माळ आहे. तेथे वारा अहोरात्र वाहतो, झाडे विरळ, आणि ऐन हिवाळ्यातील दिवस जेमतेम साडेसहा-सात तासांचा. या बेटांवरील गवताने शाकारलेल्या दगडी घरांतून एकोणिसाव्या शतकात दररोज रात्री एक लहानसा विधी होत असे. घरातील सारी मंडळी निजावयास गेली, की गृहिणी आगटीपाशी बसे. आगटी म्हणजे घराच्या मध्यभागी जमिनीवरच मांडलेला विस्तव. आणि जळण म्हणजे दलदलीच्या रानातून कापून वाळविलेल्या 'पीट' नावाच्या काळ्या मातकट ढेपा. ती निखारे गोलाकार पसरी, त्यांचे तीन समान भाग करी, आणि भागांच्या मधोमध एकेक ढेप ठेवी. पहिली जीवनदात्या ईश्वराच्या नावे, दुसरी शांतिदात्याच्या आणि तिसरी कृपावंताच्या नावे. मग ते सारे वर्तुळ राखेने अशा बेताने झाकी, की विस्तव विझू नये आणि भडकूही नये. त्यानंतर डोळे मिटून, हात पुढे करून ती हलक्या स्वरात प्रार्थना म्हणे. अशा प्रार्थनांतून येशूची माता मेरी हिच्या जोडीला आणखी एक नाव येई. ते नाव ब्रिजिडचे.

हे आज आपल्याला ठाऊक आहे ते अलेक्झांडर कारमायकल नावाच्या गृहस्थामुळे. हा अबकारी खात्यातील अधिकारी. नोकरीच्या निमित्ताने बेटाबेटांतून हिंडताना तो वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आगटीशेजारी बसे आणि त्यांच्या मुखातील स्तोत्रे व आशीर्वचने उतरवून घेई. १९०० साली त्याने ती 'कार्मिना गॅडेलिका' या नावाने दोन खंडांत प्रसिद्ध केली. ती स्तोत्रे म्हणणारी माणसे निष्ठावंत ख्रिस्ती होती. ब्रिजिड ही त्यांची संत होती. परंतु त्यांच्याच भाषाबांधवांच्या पूर्वजांनी याच नावाची एक देवीही पूजिली होती. एका धर्माचा अस्त होऊन दुसऱ्याचा उदय झाला, राजकुळे बुडाली, भाषा क्षीण झाली, लक्षावधी लोक परागंदा झाले. तरी एक नाव घरच्या विस्तवापाशी टिकून राहिले. ते कसे टिकले, हे ज्यांच्या घरी तिन्हीसांजेला आजही दिवा लागतो त्या वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल.

शब्दांचे नाते

गेलिक ही आयर्लंड, स्कॉटलंड आणि त्यांच्यामधील मॅन बेट येथील जुनी भाषा. ती केल्टिक भाषाकुलातील, आणि हे कुल संस्कृतचे दूरचे आप्त. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा असे सांगितले, आणि केल्टिक भाषांचाही त्याच उगमाशी संबंध असावा अशी पुस्ती जोडली. पुढील पिढ्यांतील भाषापंडितांनी ते सप्रमाण सिद्ध केले.

उदाहरणे पाहू. आयरिश भाषेत गाईला 'बो' म्हणतात; तो आपल्या 'गो' शब्दाचा भाऊ. राजा म्हणजे 'री'. त्याचे नाते 'राजन्' या शब्दाशी. रात्रवाचक 'नोख्त' म्हणजे आपले 'नक्तम्'. विस्तवाचा जुना आयरिश शब्द 'तेने'. त्याच्या मुळाशी असलेला धातू आणि संस्कृत 'तप्' हे एकच. उन्हाळ्याला जुन्या आयरिशमध्ये 'साम' म्हणत. संस्कृतात ऋतू किंवा वर्ष या अर्थी जी 'समा' येते, तिचाच तो सगोत्र. आणि ब्रिजिड? या नावाचे प्राचीन केल्टिक रूप 'ब्रिगंती' असे मानतात. त्याचा अर्थ उन्नत, उच्चस्थानी असलेली. संस्कृतात याच मूळ शब्दाचे रूप झाले 'बृहती'. ऋग्वेदातील सूक्तांत उषेला हे विशेषण लाविलेले आढळते. उत्तर इंग्लंडात रोमन काळी ब्रिगँटिया नावाच्या देवीची पूजा होत असे. तिचे नावही यातलेच.

येथे एक सावधगिरी हवी. नावे सगोत्र निघाली म्हणजे आपलीच उषा तिकडे गेली, किंवा आपलेच यज्ञ तेथे पोहोचले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. एका आजीच्या दोन नाती दूरदेशी वाढल्या, तर दोघींचे नाक-डोळे जुळतात. परंतु दोघींचे संसार आपापले असतात. ब्रिजिडचा संसार आयर्लंडच्या ओल्या हिरव्या कुरणांत झाला, आणि तेथेच जाऊन तो पाहिला पाहिजे.

रात्रीपासून सुरू होणारा काळ

गेलिक वर्षाचे चार खांब होते. नोव्हेंबरच्या आरंभी साविन, फेब्रुवारीच्या आरंभी इम्बोल्क, मेच्या आरंभी बेल्टेन आणि ऑगस्टच्या आरंभी लूनसा. आजच्या आयरिश भाषेतही मे, ऑगस्ट व नोव्हेंबर या महिन्यांची नावे याच सणांवरून आली आहेत. हे सण अयनदिनांवर किंवा संपातांवर बसविलेले नव्हते. गुरांच्या आणि पिकांच्या चक्रावर बसविलेले होते. उन्हाळी कुरणांवर गुरे केव्हा न्यावयाची, केव्हा परत आणावयाची, मेंढ्या केव्हा दुभत्या होणार, धान्य केव्हा हाती लागणार, यांवर त्यांचे वर्ष फिरत असे.

दिवसाची गणना सूर्यास्तापासून होई. गॉल देशातील केल्ट लोक काळाची मोजणी दिवसांनी न करता रात्रींनी करतात, असे ज्युलियस सीझरने लिहून ठेविले आहे. म्हणून प्रत्येक सण आदल्या संध्याकाळी सुरू होतो. अंधार आधी, उजेड मागाहून.

या लोकांचे जुने ग्रंथ लिहिले ते मात्र ख्रिस्ती मठांतील भिक्षूंनी. आपल्या पूर्वजांच्या कथा त्यांनी ममतेने जपल्या. पण देवतांना देवता म्हणणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. म्हणून त्यांच्या लेखणीखाली कोणी राणी झाली, कोणी जादूगारीण, कोणी संत. वाचणाऱ्याने हा पडदा ध्यानात ठेवूनच वाचावे.

साविन : त्लाख्तगाची टेकडी

३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी साविन लागे. उन्हाळा संपला, गुरे डोंगरावरून खाली आली, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत ती कापली गेली, आणि वर्षाचा काळोखा अर्धा भाग सुरू झाला. या रात्री जग आणि परलोक यांमधील दार उघडे राहते, अशी श्रद्धा. आज 'हॅलोविन' या नावाने जो सण अमेरिकेतून साऱ्या जगात पसरला आहे, त्याचे एक मूळ या रात्रीत आहे. भोपळा तेथे अमेरिकेत आला; आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत.

मीथ परगण्यात अथबॉय गावाजवळ एक टेकडी आहे. तिचे जुने नाव त्लाख्तगा. त्लाख्तगा ही मोग रुथ नावाच्या महान द्रुइडाची (म्हणजे पुरोहिताची) कन्या. स्थळकथांच्या जुन्या संग्रहात तिची हकीकत आहे. बापाबरोबर देशोदेशी जाऊन तिने विद्या मिळविली. पण तिच्यावर अत्याचार झाला, आणि या टेकडीवर तीन पुत्रांना जन्म देऊन ती मरण पावली. टेकडीला तिचे नाव पडले. विद्यावती स्त्रीच्या वेदनेच्या जागी देशाचा अग्नी पेटावा, हे ऐकताना मन थबकते.

सतराव्या शतकातील धर्मोपदेशक व इतिहासकार जेफ्री कीटिंग याने लिहिले आहे, की साविनच्या आदल्या रात्री द्रुइड त्लाख्तगावर अग्नी पेटवीत आणि त्यात आहुती देत. त्या रात्री साऱ्या आयर्लंडातील घरोघरचे विस्तव विझविणे बंधनकारक असे. मग त्या एका अग्नीपासूनच प्रत्येकाने आपले घर उजळावयाचे, आणि त्याबद्दल घरामागे एक नाणे द्यावयाचे. वर्षाच्या तोंडाशी सगळा देश क्षणभर अंधारात बसतो आणि मग एकाच ज्वालेने पुन्हा जागा होतो, ही कल्पनाच भव्य आहे. टेकडीवरील वर्तुळाकार बांध व खंदक आजही दिसतात, आणि अलीकडच्या दशकांत लोक साविनच्या रात्री मशाली घेऊन तेथे पुन्हा चढू लागले आहेत.

याच काळाशी मोरीगन ही युद्धदेवता जोडलेली आहे. 'मॉय तुरा'च्या महायुद्धाच्या कथेत साविनच्या सुमारास दाग्दा या देवाला ती नदीत धूत असलेली भेटते. तिचा एक पाय एका काठावर, दुसरा पाय दुसऱ्या काठावर. येणाऱ्या युद्धाचे भविष्य ती त्याला सांगते आणि साहाय्याचे वचन देते. गेलिक देवता केवळ सौम्य नाहीत. हिवाळ्याच्या दारात उभी राहणारी देवता उग्रच असावयाची.

बेल्टेन : दोन अग्नींमधून

सहा महिन्यांनी, १ मे रोजी, उजेडाचा अर्धा भाग सुरू होई. गुरे उन्हाळी कुरणांवर निघण्याचा हा दिवस. सुमारे ९०० सालच्या 'कोरमाकच्या कोशा'त बेल्टेन या शब्दाचा अर्थ देताना सांगितले आहे, की द्रुइड मंत्र म्हणून दोन अग्नी पेटवीत आणि वर्षभराच्या रोगराईपासून रक्षण व्हावे म्हणून गुरांना त्या दोहोंमधून हाकीत. हा कोश कोरमाक मॅक कुलेनान या मन्स्टरच्या राजाच्या नावावर आहे. तो राजाही होता आणि बिशपही. ९०८ साली तो रणांगणात पडला.

बेल्टेनची मुख्य टेकडी उश्नाख. ती आयर्लंडच्या मध्यभागी, जुन्या पाच प्रांतांच्या संगमावर मानली जाई. देशातला पहिला मोठा अग्नी येथेच पेटला आणि सात वर्षे जळत राहिला, अशी स्थळकथा आहे. येथेच एरिउ देवी भेटली. आयर्लंडच्या आगमनकथेनुसार मिलेशियन लोक समुद्रापलीकडून आले, तेव्हा बानबा, फोदला आणि एरिउ या तीन बहिणी त्यांना एकामागून एक आडव्या आल्या. प्रत्येकीने एकच मागणे मागितले, की या भूमीला माझे नाव द्या. उश्नाखवर एरिउने त्यांचे स्वागत केले, त्यांना शुभ भविष्य सांगितले. त्यांचा कवी आमर्गिन याने तिला वचन दिले, आणि देशाचे मुख्य नाव तिचे झाले. आजचे 'एरे' हे आयर्लंडचे अधिकृत आयरिश नाव एरिउचेच आहे. उश्नाखवरच्या एका प्रचंड, भंगलेल्या शिळेखाली ती विसावली आहे, अशी समजूत आहे.

स्कॉटलंडमध्ये बेल्टेनचे रूप अधिक घरगुती होते. थॉमस पेनंट या प्रवाशाने १७६९ सालच्या आपल्या दौऱ्यात ते नोंदविले आहे. गुराखी रानात विस्तव पेटवून त्यावर अंडी, लोणी, ओटचे पीठ व दूध यांचे पातळ पेय शिजवीत. त्यातले थोडे आधी जमिनीवर ओतीत. मग ओटच्या पिठाची, नऊ बोंडे असलेली भाकरी हाती घेऊन, विस्तवाकडे तोंड करून, एकेक बोंड मोडून खांद्यावरून मागे टाकीत. एक गुरांचे रक्षण करणाऱ्यासाठी, एक मेंढ्यांच्या रक्षकासाठी. आणि पुढे कोल्हा, कावळा, गरुड यांनाही त्यांचा वाटा देऊन विनवणी करीत, की आमच्या कोकरांना सोडा. शत्रूलाही नैवेद्यातला भाग देणारी ही रीत आहे.

गुरांवर साथ आली, म्हणजे 'निकडीचा अग्नी' पेटवीत. मार्टिन मार्टिन या हेब्रिडीजमधल्याच लेखकाने १७०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची कृती दिली आहे. गावातील सारे विस्तव विझवावयाचे. एक्याऐंशी विवाहित पुरुष जमत. लाकडाच्या दोन मोठ्या फळ्या घेत आणि नऊ-नऊ जण पाळीपाळीने एक फळी दुसरीवर घासत, ती तापून पेट घेईपर्यंत. ज्यांनी अरणिमंथन पाहिले आहे, त्यांना यातले श्रम सांगावयास नकोत. तो नवा अग्नी घरोघर नेत, त्यावर पाणी तापवीत आणि ते आजाऱ्यांवर व गुरांवर शिंपडीत.

लूनसा : राबून मेलेली आई

१ ऑगस्टचा लूनसा हा पहिल्या धान्याचा सण. यात अग्नीपेक्षा डोंगरमाथ्यावरचे मेळे, खेळ आणि रानफळे वेचणे अधिक. नाव लू या देवाचे, पण कथा त्याच्या पालनकर्त्या आईची. ताल्त्यू ही पराभूत राजकुळातील राणी. मीथमधील एक घनदाट अरण्य तिने तोडविले, झाडांची मुळे उपटविली आणि तेथे शेतीयोग्य मैदान केले. त्या कष्टांनी तिचे प्राण गेले. तिच्या स्मरणार्थ लूने दरवर्षी मेळा भरविण्याची प्रथा घातली. नवान्न खाताना, ते ज्या जमिनीत पिकले ती मोकळी करताना एक आई खर्ची पडली, हे आठवावयाचे. ताल्त्यूच्या नावाच्या टेलटाउन येथील हा मेळा ऐतिहासिक काळातही भरत असे. रुआरी ओ'कॉनर या राजाने ११६८ साली भरविलेला मेळा जुन्या परंपरेतील अखेरचा मोठा मेळा समजतात. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२४, १९२८ व १९३२ साली त्याच नावाने क्रीडामहोत्सव झाले.

दगडांची म्हातारी

चारही सणांवर एका म्हातारीची सावली आहे. तिचे नाव काल्याख. या शब्दाचा मूळ अर्थ 'डोक्यावरून वस्त्र घेतलेली', आणि म्हणून वृद्धा. ती हिवाळ्याची स्वामिनी, हरणांची राखणदार. तिच्या झोळीतून पडलेल्या दगडांचे डोंगर झाले, असे स्कॉटलंडमध्ये सांगतात. कॉरिव्रेकनच्या समुद्री भोवऱ्यात ती आपले लोकरी वस्त्र धुते, आणि ते पांढरे शुभ्र होऊन वाळत पडले की डोंगरांवर बर्फ दिसते.

पर्थशायरमधील ग्लेन लायन खोऱ्याच्या एका निर्जन उपदरीत तिचे घर आहे. घर कसले, गुडघाभर उंचीचा दगडांचा लहानसा खोपा. त्यात पाण्याने झिजून गुळगुळीत झालेले काही दगड आहेत. सर्वांत मोठी ती म्हातारी, मग तिचा म्हातारा, मग त्यांची मुलगी. बेल्टेनला हे कुटुंब बाहेर मांडतात, म्हणजे ते खोऱ्याकडे पाहू शकेल. साविनला आत ठेवून दार दगडांनी बंद करतात. गुराखी ही सेवा करीत. मंत्र नाही, पुजारी नाही, दानपेटी नाही. वर्षातून दोनदा कोणीतरी त्या दरीत चालत जातो, एवढेच.

इम्बोल्क : ब्रिजिडचे आगमन

वर्षक्रमाने दुसरा असलेला इम्बोल्क मुद्दाम शेवटी ठेविला आहे. १ फेब्रुवारीच्या सुमारास मेंढ्यांना दूध येऊ लागते. कोरमाकच्या कोशाने या सणाच्या नावाचा अर्थही मेंढीचे दूध असाच लाविला आहे. बर्फ अद्याप वितळलेले नसते. घरातील साठा संपत आलेला असतो. अशा वेळी दूध येणे म्हणजे लेकरे जगणे.

त्याच कोशात ब्रिजिड ही दाग्दा देवाची कन्या, कवींनी पूजिलेली विद्येची देवी, असे म्हटले आहे. तिच्या दोन बहिणींचेही नाव तेच. एक वैद्यकाची देवी, दुसरी लोहारकामाची. शब्द, औषध आणि भट्टी अशा तीन ठिकाणी ती उभी आहे. 'मॉय तुरा'च्या कथेत तिचा पुत्र रुआदान रणात पडतो. ती मोठ्याने आक्रोश करते. आयर्लंडात शोकाचा स्वर प्रथम ऐकू आला तो या वेळी, असे ती कथा सांगते. तेजाची देवी हीच पहिली पुत्रशोक करणारी माता आहे. म्हणूनच ती घरोघरच्या बायकांना आपली वाटली असावी.

संत ब्रिजिडने पाचव्या-सहाव्या शतकांत किल्डेअर येथे मठ स्थापिला, असे परंपरा सांगते. किल्डेअर म्हणजे ओकवृक्षाचे देवालय. वेल्सचा जेराल्ड हा धर्मोपदेशक ११८५ साली आयर्लंडास आला होता. तो लिहितो, की किल्डेअर येथे एक अखंड अग्नी आहे. एकोणीस साध्वी आळीपाळीने एकेक रात्र तो राखतात. विसाव्या रात्री शेवटची साध्वी लाकडे रचून म्हणते, ही रात्र तुझी. आणि सकाळी लाकडे जळालेली, अग्नी जिवंत. इतके जळूनही राख कधी वाढत नाही. भोवती कुंपण, आत पुरुषास प्रवेश नाही. आणि तो अग्नी तोंडाने फुंकावयाचा नाही. पंख्याने अथवा भात्याने वारा घालावयाचा. उच्छिष्ट श्वासाचा स्पर्श पवित्र अग्नीला होऊ नये, हा विचार आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

तो अखंड अग्नी विझला. १२२० साली डब्लिनच्या आर्चबिशपने तो बंद करविला. तो पुन्हा पेटला. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने मठ मोडले तेव्हा मात्र तो विझला, तो चारशे वर्षांहून अधिक काळ.

मग काय उरले?

मठ गेला, घर उरले. त्लाख्तगाचा अग्नी गेला, उश्नाखचा गेला, किल्डेअरचाही गेला, आगटी उरली. इम्बोल्कच्या आदल्या रात्री आयर्लंडात घरोघर लव्हाळ्याचे क्रूस विणून दारावर लावीत, की घराला आग लागू नये. एक वस्त्र रात्री बाहेर ठेवीत. ब्रिजिड वाटेने जाताना त्याला स्पर्श करील, आणि मग ते वर्षभर डोकेदुखीला, अडलेल्या बाळंतिणीला उपयोगी पडेल.

हेब्रिडीजमध्ये कारमायकलने पाहिलेला प्रकार तर डोळ्यांसमोर उभा राहतो. म्हाताऱ्या बाया टोपलीचा बिछाना करीत. ओटच्या पेंढीची मूर्ती करून तिला वस्त्रे, शिंपले, फुले यांनी सजवीत. मग घरधनीण उंबऱ्यावर जाऊन, दोन्ही हात चौकटीवर ठेवून, बाहेरच्या अंधारात हळूच हाक देई, की ब्रिजिड, तुझा बिछाना तयार आहे. आतून दुसरी म्हणे, येऊ दे तिला, तिचे स्वागत असो. मूर्ती बिछान्यात ठेवीत, शेजारी साल काढलेली पांढरी काठी ठेवीत. मग आगटीतील राख हाताने सपाट सारवीत. सकाळी उठताच सारे घर त्या राखेकडे धावे. काठीची खूण उमटली असेल तर आनंद. पावलाची खूण असेल तर आनंदाला पार नाही, कारण ती आली होती. काहीच नसेल तर घर उदास होई.

पण आगट्याही विझल्या. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून सात वर्षे दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक जहाजांत बसून देशांतराला गेली. भाडे थकलेल्या कुळांना घराबाहेर काढीत, तेव्हा चुलीतला विस्तव विझवीत. विस्तव विझला म्हणजे घर गेले. गेलिक बोलणारी खेडीच्या खेडी ओस पडली. पुढे जी घरे उरली त्यांत चूल बदलली, वीज आली, राख झाकण्याचे कामच संपले.

तेव्हा लोकांनी दुसऱ्या रीतीने विस्तव राखला. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडातील सुमारे ५०,००० शाळकरी मुलांना एक काम दिले गेले. घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि ते सांगतील ते वहीत लिहून आणा. सणांच्या रीती, ब्रिजिडचे क्रूस, गुरांची औषधे, सारे मुलांच्या हस्ताक्षरांत उतरले. त्या वह्या डब्लिनच्या विद्यापीठात आज जतन केलेल्या आहेत. कारमायकल एकटा होता. या वेळी सारे राष्ट्र आगटीशेजारी बसले.

१९९३ साली किल्डेअरच्या बाजारचौकात ब्रिजिडाइन साध्वींनी ज्योत पुन्हा पेटविली आणि आपल्या लहानशा आश्रमात तिचा सांभाळ सुरू केला. २००६ साली राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकलिस यांच्या हस्ते चौकात कायमची ज्योत प्रज्वलित झाली. २०२३ पासून ब्रिजिडच्या नावे आयर्लंडात सार्वजनिक सुट्टी पाळली जाते. स्त्रीच्या नावे असलेली ती तेथील पहिलीच. पहिली सुट्टी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली, तेव्हा त्या देशाचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मूळचे मालवणजवळच्या वराड गावचे.

आज किल्डेअरला तेवते ती ज्योत जेराल्डने वर्णिलेली ज्योत नव्हे, हे तेथील साध्वीही जाणतात. मधे साडेचार शतकांचा अंधार आहे. परंतु त्या अंधारात कोठल्या तरी बेटावर कोणी तरी गृहिणी रोज रात्री निखारे झाकीत होती आणि एक नाव घेत होती. तिने झाकले म्हणून ते नाव राहिले, आणि नाव राहिले म्हणून ज्योत पुन्हा कोणाच्या नावे पेटवावी हे लोकांना ठाऊक होते. तिने ग्रंथ लिहिला नाही, मंदिर बांधिले नाही. तिचे स्वतःचे नावही कोणाला माहीत नाही. ती राख सारखी करी, हात धुई आणि निजावयास जाई. पहाटे उठून तीच राख बाजूस सारी. खाली विस्तव असे.